आमची वाटचाल: डिस्क नसलेली यंत्रं आणि मेमरीची हद्द

आमची कंपनी लहान आहे आणि एकाच प्रकारचं काम करते. डिस्क नसलेली, सगळी सिस्टिम रॅममध्ये घेऊन चालणारी लिनक्स यंत्रं असतात, त्यांच्या बूट इमेज, म्हणजे सुरू होताना मेमरीत घ्यायच्या सिस्टिमच्या फायली, आम्ही तयार करतो. नेटवर्कवरून बूट होणारे थिन क्लायंट (सर्व्हरवर विसंबणारे साधे संगणक), माहितीचे स्क्रीन, कारखान्यातले गेटवे, सर्व्हर कोसळल्यावर लागणाऱ्या रेस्क्यू इमेज. एवढंसं क्षेत्र धरून कंपनी इतकी वर्षं कशी तगली, असं नवे ग्राहक विचारतात. यंत्र सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत मेमरीचा कुठला वाटा कुठे जातो, हे बहुतेक ठिकाणी कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. आम्ही ते लिहून द्यायला लागलो आणि कामं येत गेली.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. 2003 च्या डिसेंबरात आलेल्या 2.6 कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) लिनक्स सुरू होताना आधी स्वतःची एक छोटी फाइलसिस्टिम मेमरीत उभी करतं. तिचं नाव रूटएफएस. बूटलोडरने आणून ठेवलेली दाबलेली सीपीआयओ फाइल (अनेक फायलींचं एक गाठोडं), म्हणजे इनिटरॅमएफएस, कर्नल रूटएफएसमध्ये उलगडतो आणि त्यातला इनिट हा पहिला प्रोग्रॅम चालवतो. सर्वसाधारण लॅपटॉपवर हा सगळा खेळ क्षणाचा असतो. खरी डिस्क सापडली की स्विच_रूट होतं, म्हणजे यंत्र त्या डिस्कवरच्या सिस्टिमवर जातं, आणि आधीच्या फायली पुसल्या जातात. आमच्या यंत्रांत मात्र पुढे डिस्क नसते. त्यामुळे सुरुवातीच्या या फाइलसिस्टिमला किती जागा घेऊ द्यायची, हा प्रश्न यंत्र बंद होईपर्यंत जिवंत राहतो.

आमची सुरुवातीची कामं दुरुस्तीची होती. दुसऱ्या कुणी बनवलेली यंत्रं आमच्याकडे यायची, तक्रार ठरलेली: काही आठवडे छान चालतात, मग गोठतात, वीज काढून लावली की पुन्हा छान. अशा बहुतेक यंत्रांत रूटएफएस हा रॅमएफएस प्रकारचा निघायचा. रॅमएफएसला हद्दच नसते. कुठलातरी प्रोग्रॅम मूळ फोल्डरखाली लॉग लिहीत राहतो, त्यातली पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) कर्नलला परत घेता येत नाहीत, स्वॅपला, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेतही, पाठवता येत नाहीत. डीएफ या जागा मोजणाऱ्या आज्ञेला विचारलं तर आकडा शून्य दाखवतं, म्हणून बघणाऱ्याला संशयही येत नाही. शेवटी मेमरी संपते, कर्नल एकेक प्रोग्रॅम मारत सुटतो आणि तरी जागा होत नाही, कारण जागा प्रोग्रॅमनी खाल्लेलीच नसते. मेमइन्फो या कर्नलच्या मेमरी-अहवालातल्या ‘अनइव्हिक्टेबल’ (परत घेता न येणारी मेमरी) या ओळीवर नजर ठेवायची सवय आम्हाला त्या काळात लागली. ती ओळ रोज थोडी वाढत असेल तर उत्तर तिथेच असतं.

नोव्हेंबर 2013 मध्ये 3.12 कर्नल आला आणि चित्र बदललं. रूटएफएस आता टीएमपीएफएस या मेमरीतल्याच दुसऱ्या प्रकारचा होऊ शकत होता. टीएमपीएफएसला हद्द असते, ठरवून दिली नाही तर मेमरीच्या निम्मी. हा बदल आपोआप मिळायचा, पण अटी होत्या: कर्नलमध्ये टीएमपीएफएस चालू हवा, आणि बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत, खरी डिस्क सांगणारं ‘रूट=’ दिलेलं नको. ते दिलं की जुना, बिनहद्दीचा रॅमएफएस. म्हणजे बूटच्या ओळीतला एक शब्द राहिला किंवा गेला की यंत्राच्या मेमरीचा सगळा हिशेब पालटायचा. आमच्या मते या विषयातला सर्वांत कमी माहीत असलेला आणि सर्वांत महाग पडणारा तपशील तो हाच.

एका ग्राहकाने कर्नल नवा केला आणि त्याची यंत्रं सुरूच होईनात. पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड: राइट एरर’, आणि त्याखाली कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकल्याचा संदेश. त्यांचे अभियंते चांगले होते. इमेज तीच, रॅम तीच, मग जागा कमी कशी पडेल, हा त्यांचा प्रश्नही बरोबर होता. उत्तर ‘निम्मी’ या शब्दात दडलेलं होतं: कशाच्या निम्मी? यंत्रात 256 एमबी रॅम आहे म्हणून हद्द 128 एमबी, असं ते धरून चालले होते. पण हद्द ठरते रूटएफएस उभा राहतो त्या क्षणी. त्या वेळी कर्नलने स्वतःसाठी घेतलेली जागा हिशेबाबाहेर असते आणि न उलगडलेली दाबलेली इमेज जिथे पडून असते, ती जागाही राखीव असते. ती दोन्ही वजा जाता 200 एमबी उरले, तर हद्द 100 एमबी. इमेज उलगडल्यावर 110 एमबी होत असेल तर 90 एमबी मोकळे असूनही काम अडतं. उलगडून झाल्यावर दाबलेल्या इमेजची जागा कर्नल मोकळी करतो, पण एकदा ठरलेली हद्द त्यामुळे आपसूक वाढत नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक यंत्रासाठी एक कागद बनवायला लागलो. आम्ही त्याला मेमरीचा ताळेबंद म्हणतो. कर्नल किती, दाबलेली इमेज किती, उलगडलेली किती, दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतानाचा कळस किती, त्यानंतर प्रोग्रॅमना किती उरतं आणि लॉगला किती वाढू द्यायचं. करारासोबत हा कागद जातो. ग्राहकाने नंतर एखादं पॅकेज वाढवायचं म्हटलं की आधी कागद बदलतो, मग इमेज.

आयनोडची (प्रत्येक फायलीमागे कर्नल ठेवतो त्या नोंदीची) गोष्ट याच कागदामुळे आमच्या लक्षात आली, आणि तिच्यावर जरा थांबतो, कारण तिने अनेकांना दमवलं आहे. टीएमपीएफएसची हद्द फक्त आकाराची नसते, फायलींच्या संख्येचीही असते. ठरवून दिली नाही तर ती मेमरीतल्या पानांच्या निम्मी धरली जाते. 200 एमबी म्हणजे 4 केबीची 51,200 पानं, म्हणून 25,600 फायली. पायथनची किंवा जावास्क्रिप्टची भरगच्च लायब्ररी घातली तर हा आकडा सहज पार होतो. आणि इथे कर्नल ओरडतही नाही. लिहिताना जागा संपली तर निदान राइट एरर दिसते. फाइल उघडताच आली नाही तर तो ती गाळून पुढच्या फायलीकडे जातो. यंत्र सुरू होतं, फक्त सीपीआयओच्या शेवटाकडच्या काही फायली नसतात. डीएफला आयनोड मोजणारा ‘-i’ हा पर्याय लावून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. शिवाय शंभर बाइटांची फाइलसुद्धा पूर्ण 4 केबीचं पान अडवते, त्यामुळे फायलींच्या आकारांची नुसती बेरीज कधीच पुरत नाही. आमच्या ताळेबंदात फायलींची संख्या हा वेगळा रकाना आहे.

मधली बरीच वर्षं सुरुवातीची हद्द बदलायला सरळ मार्ग नव्हता. बूटच्या ओळीतला ‘रूटफ्लॅग्ज’ हा खऱ्या रूटसाठी, म्हणजे डिस्कवरच्या मूळ फाइलसिस्टिमसाठी, या सुरुवातीच्या रूटएफएसला तो लागत नाही. इनिटमधून रीमाउंट करून (फाइलसिस्टिम नव्या अटींवर पुन्हा जोडून) हद्द वाढवता येते, पण उलगडणंच फसलं असेल तर इनिटपर्यंत पोचायचं कसं? ‘रूटएफएसटाइप=रॅमएफएस’ देऊन हद्द काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. आम्ही तो दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रांना कधीच दिला नाही. गोठणाऱ्या यंत्रांपासून आमचं काम सुरू झालं, त्यामुळे त्या बाबतीत आमचं मत पक्कं आहे.

आमची पद्धत दोन टप्प्यांची होती आणि जुन्या कर्नलांवर आजही तीच आहे. पहिली इमेज अगदी लहान: बिझीबॉक्स (मूलभूत आज्ञांचा छोटा संच), नेटवर्कचा ड्रायव्हर आणि एक स्क्रिप्ट. ती स्क्रिप्ट स्वतः नवा टीएमपीएफएस जोडते, आकार आणि फायलींची संख्या आपण सांगू तेवढी. मग खरी सिस्टिम नेटवर्कवरून ओढत थेट त्यात उलगडायची आणि स्विच_रूट करायचं. ओढलेली फाइल आधी साठवून नंतर उलगडली तर दोन्ही एकदम मेमरीत बसतात आणि कळस तिथेच गाठला जातो, म्हणून पाइपमधून, म्हणजे मध्ये न साठवता, सरळ उलगडणं हा या पद्धतीचा प्राण आहे. कंपनीचं नाव जर कशामुळे झालं असेल तर या पद्धतीमुळे.

पुढे केडंपची कामं मिळाली आणि हा अभ्यास मोठ्या सर्व्हरांच्या कामी आला. केडंपमध्ये सर्व्हर कोसळला की राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याच्या मेमरीची नक्कल जपून ठेवतो. सर्व्हरची रॅम कितीही असो, दुसऱ्या कर्नलच्या हाती ‘क्रॅशकर्नल=’ने राखलेला तुकडाच येतो. दाबलेली इमेज 40 एमबी आणि उलगडून 100 एमबी होणार असेल, तर निम्म्याच्या नियमाने 200 मोकळे हवेत, वर 40, वर कर्नल. प्रत्येक सर्व्हरवर एवढी मेमरी बारा महिने अडकवून ठेवायची, तीही कधीतरी लागेल म्हणून. इमेज छाटणं हाच उपाय होता, आणि ड्रॅकट या इमेज बनवणाऱ्या साधनाने त्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर घालून आम्ही ती छाटतही होतो.

2025 मध्ये मूळ कर्नलमध्ये ‘इनिटरॅमएफएस_ऑप्शन्स’ नावाचा पर्याय आला आणि आमच्यासाठी ती मोठी आनंदाची बातमी होती. बूटच्या ओळीत त्याला ‘साइज=75%’ असं दिलं की रूटएफएस त्याच हद्दीने उभा राहतो. वरच्याच उदाहरणात 200 ऐवजी 134 एमबी मोकळे असले तरी भागतं, म्हणजे दर सर्व्हरमागे 66 एमबी सुटतात. फायलींची संख्याही याच ठिकाणी सांगता येते. केडंपची गरज डोळ्यांपुढे ठेवून हा बदल झाला असला, तरी डिस्क नसलेल्या सगळ्याच यंत्रांना तो लागू पडतो.

ग्राहक लगेच विचारतात की मग 95 टक्केच का देऊ नये. हद्द म्हणजे राखीव जागा नव्हे, टीएमपीएफएस वापरेल तेवढीच मेमरी घेतो, हे खरं आहे. पण हद्द फार वर नेली आणि फायलींनी ती गाठली, तर कर्नल प्रोग्रॅम मारूनही ती मेमरी सोडवू शकत नाही आणि यंत्र अडकून पडतं. आम्ही उलगडण्यापुरती हद्द सैल ठेवतो आणि इनिटमध्ये पहिल्याच पायरीला रीमाउंट करून ती आवळतो: उलगडलेल्या सिस्टिमचा आकार अधिक लॉगसाठी ताळेबंदात ठरवलेली जागा, बस्स. वापरात असलेल्या जागेपेक्षा खाली ती कर्नल नेऊच देत नाही, त्यामुळे आकडा चुकला तर तिथल्या तिथे कळतं. यानंतर लॉग वेडावाकडा वाढला तरी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच जागा नसल्याची त्रुटी मिळते आणि यंत्र चालू राहतं.

सध्या आमचा बहुतेक वेळ जुनी यंत्रं नव्या पर्यायावर आणण्यात जातो. यात एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागते. ज्या कर्नलला हा पर्याय ठाऊक नाही तो त्याला नाकारत नाही, तर इनिटच्या परिसरातला एक साधा व्हेरिएबल समजून पुढे ढकलतो, आणि हद्द पूर्वीसारखी निम्मीच राहते. म्हणून आमच्या प्रत्येक इमेजच्या चाचणीत, आवळण्याच्या पायरीआधी, प्रॉक माउंट्समधली (जोडलेल्या फाइलसिस्टिमांच्या यादीतली) मूळ फोल्डरची ओळ वाचली जाते. तिथे फाइलसिस्टिमचा आकार आणि फायलींची संख्या ताळेबंदाशी जुळली नाही, तर ती इमेज ग्राहकाकडे जात नाही.