आमचा पाव भाग मोठा!

कोपरखैरण्यातल्या आमच्या शाळेत चौथीला अपूर्णांक सुरू करायचे होते. फळ्यावर अंश-छेद मांडण्याआधी मी प्रत्येकाच्या हातात चौकटीच्या वहीतून कापलेला कागदाचा एक चौरस दिला. आठ चौकटी लांब, आठ रुंद, एकूण ६४. "घड्या घालून याचे चार सारखे भाग करा आणि एक रंगवा," एवढंच सांगितलं.

बहुतेकांनी आडवी-उभी घडी घालून छोटे चौरस केले. काहींनी लांब पट्ट्या पाडल्या. मधल्या रांगेतल्या तिघाचौघांनी कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोण केले. त्यातला एकजण उठून म्हणाला, "मॅडम, आमचा पाव भाग मोठाय!" झालं, वर्ग पेटला. पट्टीवाले म्हणे, आमचाच सगळ्यात लांब.

मी उत्तर सांगितलं नाही. भाकरीचं चित्र दाखवलं की मुलं 'एक चतुर्थांश' पटकन म्हणायला लागतात, पण बऱ्याच जणांना ते त्या आकाराचंच नाव वाटतं. सारखे भाग म्हणजे सारखी जागा, आकार कसा का असेना, हे मुलांनी आपसात भांडूनच पटवून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

कोणीतरी म्हणालं, चौकटी मोजू. चौरसात १६, पट्टीतही १६. त्रिकोणात मात्र तीन उत्तरं आली: २०, १२ आणि १६! तिरक्या कडांवर आठ चौकटी अर्ध्या कापल्या गेल्या होत्या. एकीने त्या अख्ख्या धरल्या, एकाने सोडूनच दिल्या. "अरे, दोन अर्ध्या मिळून एक धर ना!" १६ वाली जीव तोडून सांगत होती. अपूर्णांकांची बेरीज मी अजून शिकवलेलीही नव्हती.

त्रिकोणवाला तरी ऐकेना. त्याने कात्री मागितली, टोकापासून पायापर्यंत त्रिकोण मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे फिरवून फिरवून जुळवत बसला. तिरक्या कडा एकमेकींना टेकल्या आणि चार बाय चारचा चौरस तयार झाला. तो शेजारणीच्या चौरसावर ठेवून त्याने चारही कडांवरून बोट फिरवलं. "सेम आहे," म्हणाला. मग पट्टीवालेही कात्रीसाठी धावले. पट्टी मधून कापून तुकडे एकाला एक लावले की तोच चौरस.

तास संपत आला तेव्हा एकीने विचारलं, "याचे तीन सारखे भाग होतील?" पुन्हा मोजणी सुरू. प्रत्येकाला २१ चौकटी आल्या, एक उरली. "ती मॅडमना देऊन टाकू," मागून आवाज आला. तिला ते पटलं नाही. तिने उरलेल्या चौकटीत पट्टीने दोन रेषा मारल्या आणि वहीत लिहिलं: एकवीस आणि एकाचा तिसरा भाग.

याला पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणतात, हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.