बैलाचं कलम

क्रीट बेटावरच्या हेराक्लिओनच्या बसस्थानकावर दोन कॉफ्यांचे पैसे दिले. परत आलेल्या सुट्ट्यांत दोन युरोचं एक ग्रीक नाणं निघालं. त्यावर एक बैल, आणि त्याच्या पाठीवर बसलेली बाई. मी ते ताईपुढे धरलं.

"ही युरोपा. आज आपण हिच्याच गावाला, गोर्टिनला चाललोय."

ताईने चष्मा कपाळावर चढवून नाणं डोळ्यांजवळ नेलं. "पळवून नेतोय ना हा हिला?"

"हो. पण प्रेमकथा म्हणून सांगतात."

"पळवून नेणारे तेच सांगतात गं," असं म्हणून तिने कॉफी संपवली.

ताई गेली 26 वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. पडक्या भिंती आणि मोडके खांब बघायची तिला हौस नाही. क्रीटला ती आली ती समुद्रासाठी आणि माझ्या हट्टासाठी. मला मात्र कॉलेजपासून ग्रीक पुराणांचं वेड. देवांनी ज्यांच्यावर 'प्रेम' केलं त्या माणसांच्या लेकी जिथे राहिल्या, त्या जागा बघायच्या, एवढाच माझा बेत होता.

बस डोंगर चढून मेसारा मैदानाकडे उतरू लागली. दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं, मोजता येणार नाहीत इतकी. ताईने विचारलं, अशा एकूण किती जणी? मी सुरुवात केली. आर्गोसची डॅनाई, बापाने पितळी कोठडीत कोंडलेली. देवांचा राजा झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन आत उतरला, आणि मूल झाल्यावर बापाने तिला बाळासकट पेटीत घालून समुद्रात सोडलं. थीब्सची सेमेली, झ्यूसच्या बायकोच्या, हेराच्या बोलण्याला भुलून त्याला "खऱ्या रूपात ये" म्हणाली आणि त्या तेजात जळून गेली. कोरोनिस, पोटात अपोलो देवाचं मूल असताना माणसाच्या प्रेमात पडली म्हणून मारली गेली. आयोची गाय झाली आणि गोमाशी चावत राहिल्याने देशोदेशी धावत सुटली. कॅलिस्टोची अस्वल झाली.

"आणि त्या देवांचं काय झालं?"

काहीच नाही. ही यादी मी इतक्या वेळा वाचली होती, पण या बाजूने कधी तपासली नव्हती.

गोर्टिन हेराक्लिओनपासून साधारण 45 किलोमीटरवर आहे, आयी देका गावाच्या जरा पुढे. रोमनांच्या काळात ही क्रीट आणि सायरेनेका प्रांताची राजधानी होती. आता तिकीटखिडकी, संत टायटसच्या चर्चची उभी राहिलेली कमान, आणि कान किटतील इतकी रातकिड्यांची किरकिर. युरोपाचं झाड इथेच आहे. चिनाराचं. चिनार थंडीत पानं गाळतो, पण क्रीटमध्ये या झाडाचा एक प्रकार बारमाही हिरवा असतो. वनस्पतींवर लिहिणाऱ्या थिओफ्रास्टसने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच गोर्टिनच्या अशा झाडाची नोंद केली आहे, आणि झ्यूस व युरोपा त्याच्याचखाली निजले ही कथाही सांगितली आहे. आज दाखवतात ते झाड तेच असणं शक्य नाही. पण सावली खरी होती आणि ऊन भयंकर होतं, त्यामुळे आम्ही वाद न घालता टेकलो.

तिथे ताईला मी पूर्ण गोष्ट सांगितली. युरोपा टायरच्या राजाची मुलगी, म्हणजे आजच्या लेबनॉनची. मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी फुलं वेचत होती. झ्यूस पांढरा शुभ्र, गरीब दिसणारा बैल होऊन आला. तिने त्याच्या शिंगांना फुलं बांधली, पाठीवर बसली, आणि बैल थेट पाण्यात शिरला. इथून नैर्ऋत्येला असलेल्या मटालाच्या किनाऱ्यावर तो बाहेर आला असं इथले लोक सांगतात. मग हे झाड. तिला तीन मुलगे झाले, मिनोस, ऱ्हाडामॅन्थिस आणि सार्पेडॉन. झ्यूस निघून गेला आणि क्रीटचा राजा अ‍ॅस्टेरिऑन याने तिच्याशी लग्न करून मुलं वाढवली. तिच्या भावाला, कॅडमसला, बापाने बजावलं होतं की बहीण सापडल्याशिवाय परत येऊ नकोस. ती सापडली नाही. त्याने थीब्स वसवलं, आणि वर सांगितलेली सेमेली ही त्याचीच मुलगी. म्हणजे आत्याला नेलं तो देव पुढे भाचीलाही भेटला.

"एका घरात दोन केसेस," ताई म्हणाली.

झाडापासून काही पावलांवर रोमन ओडिऑन आहे, छोटं अर्धगोल सभागृह. त्याच्या मागच्या बाजूला, विटांच्या कमानींखाली ती भिंत. 1884 मध्ये फेडेरिको हाल्बहेर या इटालियन संशोधकाला ती इथल्या पाणचक्कीच्या पाटात सापडली. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला कायदा, बारा रकान्यांत, सहाशेहून अधिक ओळी. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे, पुन्हा उलट. औत बांधाला पोचलं की बैल वळतात आणि दुसरं तास धरतात, तशी. या लिखाणाचं ग्रीक नावही 'बैल वळतो तसं' याच अर्थाचं. म्हणजे इथे बैल दोन. एक झाडाखालचा आणि एक भिंतीवरचा.

मी नुसती अक्षरं बघत होते. ताईने मात्र मी बरोबर आणलेल्या छापील भाषांतराची पानं माझ्या हातातून ओढून घेतली आणि पुढचा तासभर तिला समुद्राची आठवण झाली नाही. घटस्फोट झाला तर बाईने लग्नात आणलेली मालमत्ता तिचीच. तिच्या मालमत्तेचं उत्पन्न असेल तर त्यातलं निम्मं तिचं. आणि तिने घरात जे विणलं, त्यातलंही निम्मं.

"विणलेलं!" ताई दोनदा म्हणाली. "स्त्रीधनाची यादी करताना आमच्याकडे ताटवाट्या मोजतात. तिने केलेलं काम कुणी मोजत नाही."

मुलींनाही वारसा होता, मात्र मुलाच्या हिश्शाच्या निम्मा. वेगळी झालेली बाई बाळंत झाली तर तीन साक्षीदारांसमोर मूल नवऱ्याच्या दारात न्यायचं. त्याने नाकारलं तर वाढवायचं की टाकून द्यायचं, हे तिने ठरवायचं. आणि बलात्काराची कलमं. स्वतंत्र माणसावर, बाई असो वा पुरुष, जबरदस्ती केली तर शंभर स्टेटर दंड. गुलामाने केली तर दुप्पट. पण एखाद्या स्वतंत्र पुरुषाने शेतगुलाम बाईवर केली, तर त्याहून लहान नाण्यात, पाच द्राख्मा. हा आकडा वाचताना ताईचा आवाज खाली गेला. माणसाची किंमत तो कुठल्या जातीत जन्मला यावरून ठरते, हे आम्हाला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

तिने पानं उलटसुलट केली. "देवाने केलं तर?"

"ते नाही त्यात."

"बघ नीट. बैलाचं कलम असेल."

मग मला आठवलं ते मी तिला सांगितलं. स्टेटर म्हणजे चांदीचं नाणं, आणि गोर्टिनने पुढे पाडलेल्या नाण्यांवर एका बाजूला बैल आहे, दुसऱ्या बाजूला झाडाच्या फांद्यांत बसलेली युरोपा. हातावर डोकं टेकवून. मी फोटोत पाहिलंय, ती कुठल्याही अंगाने खूश दिसत नाही. दंड भरायला हीच नाणी मोजली असतील.

रात्रीच्या बोटीने आम्ही अथेन्सच्या बंदराला, पिरियसला निघालो. डेकवर वारा होता, झोप येत नव्हती, तेव्हा मी मार्पेसाची गोष्ट सांगितली. अपोलो आणि इडास नावाचा माणूस, दोघांनाही ती हवी होती. झ्यूसने भांडण थांबवून निवड तिच्यावर सोपवली. तिने माणूस निवडला. म्हातारी झाल्यावर देव मला टाकून देईल, म्हणाली. माझ्या त्या सगळ्या यादीत जिला कुणी विचारलं अशी ही एकच, आणि तिने देवाला नाही म्हटलं.

अथेन्सला वेळ थोडा होता. सगळी गर्दी पार्थेनॉनकडे चढते. आम्ही अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या पायवाटेने गेलो, जिथे कड्यात ओळीने गुहा आहेत. त्यातली एक अपोलोची. राजकन्या क्रेउसाला त्याने इथे ओढून आणलं आणि झालेलं मूल तिने इथेच टोपलीत ठेवून सोडलं, असं युरिपिडीसच्या नाटकात आहे. आपल्याला इथे कुंती आठवणारच. पण क्रेउसा गप्प बसत नाही. ती भर नाटकात देवाचं नाव घेऊन त्याला जाब विचारते. पुढे आई-मुलाची ओळख पटते ती टोपलीतल्या कापडावरून. तिने कुमारवयात विणलेल्या.

"पुन्हा विणलेलं," ताई म्हणाली. "मुद्देमाल. मग देव आला की नाही समोर?"

"नाही. झाल्या गोष्टीचा ठपका येईल म्हणून स्वतः आला नाही. अथेना देवीला पाठवलं."

"म्हणजे वकीलपत्र देऊन गैरहजर!" ती इतकी मोठ्याने हसली की खालच्या वाटेवरचे दोघं-तिघं वर बघू लागले.

गुहेच्या भिंतीत लहान लहान खोबण्या कोरल्या आहेत. रोमन काळात अथेन्सचे अधिकारी इथे अपोलोला संगमरवरी पाट्या अर्पण करत, त्या बसवायच्या या जागा. क्रेउसाच्या नावाची खोबण नाही. तिच्या त्या मुलाचं नाव आयॉन. त्याच्यावरून ग्रीकांतल्या आयोनियन लोकांचं नाव पडलं, असं ग्रीक मानत. आणि तोच शब्द पूर्वेकडे येता येता आपल्याकडे 'यवन' झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत.

"कार्ल्याच्या?" ताईने विचारलं. "आपण एकवीरेला जातो तिथे?"

"देवळाला लागूनच."

ती पुन्हा गुहेकडे वळली आणि बराच वेळ त्या रिकाम्या खोबण्या बघत उभी राहिली. मग पर्समधून कालचं दोन युरोचं नाणं काढून एका खोबणीत ठेवायला निघाली. मी म्हटलं, ताई, पहारेकरी ओरडेल. तिने ते परत पर्समध्ये टाकलं.