सोलापुरात जुना अँप शोधताना

पुण्यात जुन्या ऑडिओचे, म्हणजे अँप (अँप्लिफायर), स्पीकर, डेक यांचे भाव आता हाताबाहेर गेलेत. कुठल्याही दुकानात जा, मालक आधी मोबाइल उघडून परदेशातल्या कुणीतरी काय भाव लावलाय ते दाखवतो आणि मग तोच आकडा रुपयांत करून सांगतो. म्हणून या वेळी हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूर गाठलं. गाडी पुण्याहून संध्याकाळी सुटते, रात्री उतरवते. सकाळी लवकर बाहेर पडायची घाई करू नका, रिपेअरिंगवाले अकराच्या आधी शटर वर करत नाहीत. एप्रिल-मे टाळाच, दुपारी रस्त्यावर उभं राहवत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. तेव्हा जायचं तर यात्रेला जा, खरेदीला नको.

नवी पेठेत हिंडून फार काही हाती लागत नाही, तिथे सगळा नवा माल. जुना माल असतो तो मेकॅनिककडे, आणि चांगला मेकॅनिक कोण हे साउंड सर्व्हिसवाल्याला माहीत असतं. गणपती आणि लग्नसराईत त्यांचे स्पीकर सतत जळतात, त्यामुळे कॉइल कोण नीट भरतो, अँप कोण उघडतो हे त्यांना तोंडपाठ. मी अशाच एकाला विचारलं आणि त्याने अशोक चौकाच्या बाजूच्या एका बोळात पाठवलं.

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. छतापर्यंत टेप, डेक, उघडे टीव्ही. दुकानाचे मालक अण्णा हाताखालच्या पोराशी तेलुगूत, दारातल्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होते, सोल्डरिंग आयर्न न ठेवता. समोरच सान्सुईचा चकचकीत रिसीव्हर मांडलेला होता. माझी नजर गेलेली बघून ते म्हणाले, "ते जपानी नाव बगून घेऊ नका साहेब. ह्याचं एसटीके गेलं की बाजारात मिळतंय ते सगळं डुप्लिकेट."

खरंच आहे ते. एसटीके म्हणजे सान्यो कंपनीचा पॉवर मॉड्यूल, स्पीकरला ताकद देणारं तयार सर्किट. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कितीतरी जपानी सेटमध्ये आउटपुटला हाच होता. आज अस्सल मिळणं अवघड, आणि नकली टाकला तर कधी जाईल सांगता येत नाही. मागे वळवून पाहिलं तर प्लेटवर 100 व्होल्ट. म्हणजे सेट थेट जपानच्या घरगुती बाजारातला. आपल्या 230 व्होल्टला लावायचा तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि शिवाय रेडिओचा बँड 76 ते 90 मेगाहर्ट्झ. आपली खासगी एफएम स्टेशनं 91च्या पुढे सुरू होतात, म्हणजे ट्यूनर नुसता शोभेला. सौदा करण्याआधी मागची प्लेट वाचा, बाकी सगळं नंतर. काही सेटना मागे व्होल्टेज बदलायचं बटण असतं, तसं असेल तर प्रश्न नाही.

माझं मत विचाराल तर कमी पैशात चांगला आवाज हवा असेल तर भारतीय माल घ्या. कोलकात्याची सोनोडाइन 1970 पासूनची कंपनी, तिचे जुने अँप अजून घराघरात धूळ खात पडलेत. मुंबईच्या कॉस्मिकचेही तसेच. यांची परदेशात मागणी नाही, म्हणून मोबाइलवर भावही दिसत नाही, आणि हाच आपला फायदा. आतले ट्रान्झिस्टर साधे, कुठेही मिळणारे. नावाची हौस असेल तर जपानीच घ्या, पण मग हौसेचे पैसे मोजायची तयारी ठेवा.

अण्णांनी फळीखालून एक सोनोडाइन काढला. झाकण उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाचा मऊ थर बसलेला, वर राखाडी, खाली पांढरा. सेट यंत्रमागवाल्याच्या घरातून आलेला, घर आणि कारखाना एकाच भिंतीला. हा कापूस काढल्याशिवाय अँप जास्त वेळ चालवू नये, उष्णता बाहेर पडतच नाही. पण पत्रा मात्र स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. मुंबई-कोकणातून आलेल्या सेटचे स्क्रूसुद्धा सुटत नाहीत. सोलापूरच्या कोरड्या हवेचं हे देणं.

त्यांनी सेट थेट बोर्डात घातला नाही, आधी सिरीज बल्बवर लावला, म्हणजे वीज बल्बमधून होऊन मग सेटला जाते अशी जोडणी. जिथे घ्याल तिथे याचा आग्रह धरा. जुना 100 वॅटचा तारेचा बल्ब हवा, एलईडीचा उपयोग नाही. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, भाव विचारायचीही गरज नाही. त्यानंतर, स्पीकर न जोडता, स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज, तो तिथे जवळपास शून्य हवा) बघा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. 100च्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च धरूनच बोला, नाहीतर एक दिवस आपलेच स्पीकर जातील. या सेटच्या एका बाजूला 18 आणि दुसऱ्या बाजूला 31 आलं.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत होती. तिला घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. घुंईऽऽ असा आवाज व्हॉल्यूम शून्यावर असतानाही येत असेल तर मात्र फिल्टर कंडेन्सर बदलावे लागतात. ते स्वस्त असतात, पण घासाघिशीला उपयोगी पडतात. सात हजारांवर सुरू झालेलं बोलणं कापूस साफ करून, कंडेन्सर बदलून साडेचार हजारांवर थांबलं.

स्पीकर दुसऱ्या घरातून मिळाले, अण्णांच्याच ओळखीने. सुताराकडून करून घेतलेले सागवानी खोके, आठ इंची वूफर (जाड आवाजाचा स्पीकर). अशा असेंबल्ड स्पीकरला नाव नसतं म्हणून लोक नाकं मुरडतात, मला तेच आवडतात. कोनची, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याची, कड बघा. फोमची असेल तर आपल्या हवेत ती भुगा होतेच, बोट लावताच पडते. कापडाची असेल तर कोन टिकतो. पाच बोटांनी कोन हलकेच, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी. मीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो, त्यात काही बिघाड नाही. ट्विटरचं (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचं) मीटरवर कळत नाही, मध्ये कंडेन्सर असतो, तिथे कानच लावायचा. एक ट्विटर मेलेलाच होता, त्याचे चारशे रुपये कापून घेतले. जोडी तीन हजारांना पडली.

कॅसेट डेक भरपूर दिसले, स्वस्तही. आतले बेल्ट वितळून डांबर झालेले असतात आणि ते पुसण्यात दिवस जातो. घरी वेळ असेल तरच घ्या. आणि कुठल्याही डब्यावर पीएमपीओ (जाहिरातीतला फुगवलेला वॅटचा आकडा) 1000 वॅट वगैरे दिसलं तर हसून पुढे जा. मागच्या प्लेटवर वीज किती खातो ते लिहिलेलं असतं, त्याहून जास्त बाहेर कुठून येणार?

अँप हातात धरून रेल्वेने आणला. स्पीकर ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकले, कोनच्या बाजूने समोरासमोर आणि मध्ये पुठ्ठा. साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याची सही घ्या. शेंगांची चटणी घ्याल तर ती अँपच्या पिशवीत ठेवू नका, तिला तेल सुटतं.

अण्णांच्या माळ्यावर कॉस्मिकचा एक टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आहे. मोटर फिरते, बेल्ट नाही, सुई संपलेली. मला जागा नाही म्हणून सोडला. अठराशे सांगतील, पंधराशेला देतील. आणताना प्लॅटर (फिरती थाळी) काढून वेगळा गुंडाळा आणि टोनआर्म (सुईचा दांडा) दोऱ्याने बांधा.