अभिमान? आणि तोही कंपनीचा?

अमेरिकेच्या एन्रॉननं आमच्या खाडीकाठी उभारलेल्या त्या वीज कंपनीचा अभिमान वाटला. झालं एवढंच. पण जेवणं उरकली, भांडी आवरली, तरी ते काही डोक्यातून जाईना, म्हणून वही काढली.

दाभोळहून परत येताना फेरीबोटीत शरू कठड्याला रेलून उभी होती. वेलदूरच्या बाजूला कंपनीच्या धुराच्या चिमण्या दिसायला लागल्या तशी एकदम म्हणाली, "मावशी, काय जबरदस्त प्लांट आहे गं! आणि तू कधी बोलली नाहीस?" शेजारी स्कूटरवर बसलेल्या कुणा पाहुण्यानं विचारलं, चालू असतो का हा? मी घाईघाईनं म्हणाले, "1967 मेगावॅटचा आहे." त्यानं चालू की बंद विचारलं होतं. मी मेगावॅट सांगितले, आणि वर मान ताठ.

मी! अण्णांची मुलगी! त्यांनी ऐकलं असतं तर... जाऊ दे.

घरी येईपर्यंत शरूची टकळी चालूच. एका ब्लॉकमध्ये दोन गॅस टर्बाइनं आणि एक वाफेचं, असे तीन ब्लॉक. गॅस जाळून पहिली दोन फिरवायची. त्यांतून सुमारे 600 अंशांचा जो झोत बाहेर पडतो, तो तसाच वर सोडून न देता त्याच्यावर पाणी उकळायचं आणि त्या वाफेवर तिसरं फिरवायचं. कोळशाच्या स्टेशनात निम्म्याहून जास्त उष्णता फुकट जाते, इथे निम्म्याहून जास्तीची वीज होते. "म्हणजे भात शिजवून वर पेजही प्यायची," मी म्हटलं. तिला ते इतकं आवडलं की कॉलेजात सांगणार म्हणे. इतकी वर्षं दाराशी असलेल्या गोष्टीतलं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला दर माहीत, करार माहीत, लाठ्या माहीत.

तेव्हा अण्णा कंपनीविरुद्धच्या मोर्चात, दादा कंपनीच्या साइटवर. अण्णांचं ताट ओटीवर, दादाचं मागच्या पडवीत, आणि मधल्या दारातून ये-जा करणारी मी. "त्याला सांग, उद्या घरी थांबायचंय." "त्यांना सांग, हजेरी बुडते." 1997 च्या जूनमध्ये वेलदूरच्या बायकांना पोलिसांनी पहाटे घरांतून काढून मारलं, गाड्यांत कोंबलं. त्या रात्री दादा जेवला नाही. सकाळी डबा मात्र घेऊन गेला. अण्णांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डबा मी भरला होता ना! माझी बाजू कोणती, हे दोघांपैकी एकानंही कधी विचारलं नाही. बावीस वर्षांच्या मुलीला कसली आलीय बाजू. तिनं निरोप पोचवायचे आणि दुसऱ्याच्या वाटणीचा राग झेलायचा. माझ्या मैत्रिणी तेव्हा चिपळूणला सिनेमे बघत होत्या. वेलदूरची ती एक मैत्रीण तर त्यानंतर आमच्याकडे आलीच नाही, आणि मीही...

असो. रडगाणं पुरे.

एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणाले होते युतीचे पुढारी, 1995 च्या निवडणुकीत. समुद्र इथे हाकेच्या अंतरावर, फार लांबही न्यायचं नव्हतं. ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, पुढच्या वर्षी वाटाघाटी होऊन दोन्ही टप्प्यांसकट परत आला. मे 1999 ला वीज सुरू झाली ती नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या एका हलक्या इंधनावर. गॅस ओमान आणि अबुधाबीहून जहाजानं यायचा होता, उणे 162 अंशांवर पातळ करून. त्याचं टर्मिनल पुरं व्हायच्या आत 2001 मध्ये सगळं ठप्प. राज्याच्या वीज मंडळाला तो विजेचा दर झेपेना, आणि डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. थोडक्यात, ओमानचा गॅस इकडे आला नाही आणि आमचा दादा ओमानला गेला. हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं आणि मोठ्यानं हसले. हे पलीकडून म्हणाले, झोपत का नाहीस.

पुढे 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांची नवी कंपनी झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आला, तोही आटला. 2013 ला पुन्हा शांत. 2015 च्या नोव्हेंबरात रेल्वेसाठी थोडं चाललं. एवढी मोठी कंपनी, पण सगळा खेळ गॅस मिळतो का आणि कुठल्या भावानं, यावर. मधल्या भारनियमनाच्या वर्षांत मी कंदिलाच्या काचा पुसत असायचे तेव्हा हसायला यायचं नाही, आता येतं.

पण मग अभिमान कशाचा? जमीन आमची गेली नाही. अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या लोकांची गेली. (नाव मात्र खाडीपलीकडच्या दाभोळचं.) दादाच्या घामाचा म्हणावं, तर तो सुट्टीवर आला तरी त्या रस्त्याला फिरकत नाही. मोठी आहे म्हणून? जयगडची कोळशाचीही मोठीच आहे, तिचे मेगावॅट मला पाठ नाहीत. ज्याच्यावरून घर एवढं भांडलं ते निदान फडतूस तरी नव्हतं, असा काही दिलासा असेल का? हे लिहून बघितलं. अर्धं पटतं. वेलदूरच्या त्या बायकांसमोर उभं राहून म्हणून बघ, असं स्वतःला सांगितलं, की उरलेलं अर्धंही जातं. आणि तरी ते 1967 तोंडातून कसं सुटलं, एक आकडा इकडचा तिकडे न होता!

ह्यांना शेवटी सांगितलंच. म्हणाले, "वाटला तर वाटू दे की. त्याचं काय बिल येतंय?"

शरूला आत जाऊन बघायचंय. नंदूभावजींच्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांना संध्याकाळीच फोन लावला होता. पासाचं बघतो म्हणाले, पण आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन-दोन फोटो पाठवून ठेवा. किती जण, विचारलं. दोघी, मी म्हटलं. माझ्याकडचे फोटो रेशन कार्डाच्या वेळचे आहेत, त्यात मी कुणीतरी भलतीच दिसते. सकाळी गुहागरला जाऊन नवे काढायला हवेत.