मिल्कवीड लावण्याआधी जागेची पारख: माझा अनुभव

मिल्कवीड, म्हणजे मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांचं खाद्य असलेलं फुलझाड, लावायचं ठरलं आणि बी आणण्याआधी मी जागा बघायला घेतली. एक सुट्टीचा दिवस त्यालाच दिला. थोड्या थोड्या वेळाने बाहेर जाऊन ऊन कुठे आहे, सावली कुठे सरकली, हे वहीत टिपत गेले. या झाडाला रोज किमान 6 तास थेट ऊन हवं, 8 तास मिळालं तर उत्तमच. कमी उन्हात ते मरत नाही, पण काटकुळं वाढतं, लवंडतं आणि फुलं मोजकीच येतात. भिंतीलगतची जागा दिसायला सुरेख होती, पण तिथलं ऊन दुपार होताच जायचं. ती सोडली.

मग माती. सुमारे 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरला. ते जिरल्यावर पुन्हा भरला आणि पाणी किती वेगाने उतरतं ते पट्टीने मोजलं. तासाला 2 ते 5 सेंटिमीटर उतरलं की निचरा चांगला समजतात. वरच्या बाजूला तेवढं उतरलं. उताराच्या खालच्या टोकाला मात्र चिकणमाती होती, दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी तसंच. इथे वाळू, कोकोपीट आणून माती बदलायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटला नाही. मिल्कवीडच्या शंभराहून जास्त जाती आहेत, मग मातीला साजेशी जात निवडणंच सोपं नाही का?

केशरी फुलांची ट्युबेरोसा कोरड्या, वाळूमिश्रित, हलक्या जमिनीत खूश असते. तिचं सोटमूळ जाड आणि खोल जातं, पाणी साचलं की ते कुजतं. गुलाबी फुलांची इनकार्नाटा मुळात पाणथळ जागेतली, तिला ओली चिकणमातीही चालते. म्हणून पहिली वर, दुसरी खाली. दोन्हीकडे खत घातलं नाही. जास्त नत्र मिळालं की पानं लुसलुशीत होतात आणि त्यांच्यावर पिवळा मावा (रस शोषणारी कीड) तुटून पडतो.

या दोन्ही जातींच्या बियांना रुजण्याआधी थंडी लागते. ओलसर पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून त्या महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या. (हळदीकुंकू, म्हणजे मिल्कवीडचीच कुरासाविका ही जात, लावणाऱ्यांना ही पायरी लागत नाही.) नंतर खोल कुंड्यांमध्ये, जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीखाली पेरल्या. कुंडी खोलच हवी. सोटमूळ एकदा लांबलं की त्याला हलवलेलं अजिबात खपत नाही, म्हणून ट्युबेरोसाची रोपं लहान असतानाच कायमच्या जागी नेली. पहिल्या हंगामात दोघींना नियमित पाणी दिलं. मुळं धरल्यावर वरच्या वाफ्याचं पाणी जवळजवळ थांबवलं, खालच्या वाफ्यात ओल राखली.

पहिल्या वर्षी फुलांची वाट बघू नये, रोप तेव्हा मुळं घडवत असतं. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो आणि ट्युबेरोसा तर बाकी सगळं हिरवं झाल्यावर सावकाश डोकं वर काढते. तिच्या जागी काठ्या रोवून ठेवल्या होत्या, नाहीतर तिथे कुणीही कुदळ घातली असती.

मावा आलाच. औषध फवारायचा प्रश्नच नव्हता, कारण मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त मिल्कवीडच्या कुळातली पानं खातात आणि मावा मारणारं औषध त्यांनाही मारतं. आधी पानांच्या खालच्या बाजूला फुलपाखराची अंडी आहेत का ते बघायचं, मग पाण्याच्या धारेने मावा उडवायचा, हे करत राहिले. हातात मोजे हवेतच. या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते.

दुसऱ्या वर्षी अळ्यांनी काही फांद्या पार निष्पर्ण केल्या. मी हात लावला नाही. मुळं भक्कम होती, नवी पानं आली आणि त्यांच्यामागून शेंगाही धरल्या. शेंग उकलून म्हाताऱ्या उडायच्या आत तिला दोरा बांधायचा आणि बी तपकिरी झालं की काढायचं. यंदाचं ट्युबेरोसाचं बी सगळं वरच्या वाफ्यासाठी राखून ठेवलंय, अजून तिथे भरपूर उन्हाची जागा रिकामी आहे.