सांधणमध्ये एकटीच

आज भंडारदऱ्याजवळची सांधण दरी, एकटीच. दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावात ज्यांच्या अंगणात गाडी लावली त्या मावशींना हे काही पटलं नाही. "सोबत कोणच नाही?" असं दोनदा विचारून शेवटी त्यांनी हातात काठी दिली.

पहिल्याच डोहात ती कामाला आली. डिसेंबरचं पाणी, कमरेपर्यंत, आणि असं गार की तोंडातून शिवी निघण्याआधी श्वासच अडकला! पुढे दोन्हीकडे काळ्या बसाल्टच्या सरळसोट भिंती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतली ही भेग. ऊन तळाशी उतरतं ते दुपारी, तेही जेमतेम. पावसाळ्यात सगळं पाणी इथूनच धावतं, तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही.

शनिवार-रविवारी इथे स्पीकरवाल्या टोळ्या असतात (का, देव जाणे). आज मंगळवार होता, त्यामुळे वर कारवीत शिळ घालणारा पक्षी आणि माझे बूट, एवढाच आवाज.

दोराशिवाय पुढे जाता येत नाही तिथे डबा उघडला. खाली थेट कोकण. मेथीचे पराठे गारठून कडक झालेले, तरी चारही संपवले.

कुणी जाणार असाल तर गावात सांगून जा, आत रेंज मिळत नाही. आणि दोराचा टप्पा माहितगार माणसाशिवाय अजिबात नको.