बीओडीचा नमुना फक्त सोमवारी आणि मंगळवारी

एवढं एक वाक्य मला फोनवर कोणी सांगितलं असतं, तर नागपूरच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची एक आख्खी फेरी वाचली असती. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप; आकडा जितका मोठा, तितकी घाण जास्त. मी विचारलं होतं. "कधीही आणा, ऑफिस टायमात," असं उत्तर मिळालं होतं.

आमचा तलाव मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, जमीनदारांच्या काळातला, गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. भर पावसाळ्यात मधोमध जेमतेम पुरुषभर पाणी, बाकी सगळीकडे कमरेइतकं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेला. मासेमारी ढिवरांच्या संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचा मी सचिव. भाद्रपदात चार दिवस आभाळ भरून होतं, वारा पडलेला. पाचव्या दिवशी पहाटे काका हाक मारत आले. काठावर कतला आणि रोहू पोट वर करून पडले होते, मोठे मोठे, दोन-तीन किलोचे. लहान मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मरळ मात्र एकही मेली नव्हती. मरळ वरची हवा घेऊ शकते, कतला-रोहूला ते जमत नाही. म्हणजे विष नाही, पाण्यातला ऑक्सिजन संपलाय, हे मला तिथंच कळलं. पण गावातली नाली तलावात सोडली आहे ती वळवा, असं म्हटलं की ग्रामसभा म्हणायची, पाणी तपासून आणा, मग बोलू.

म्हणून नमुना घेतला. माशांचाच थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, त्यात बाटल्या. पहिल्या एसटीनं निघालो, साकोलीला गाडी बदलली, साडेबाराला प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा. गुरुवार होता.

"बीओडी आहे का यात? मग आज नाही घेत."

का, ते सांगितलं नाही. बाकीच्या तपासण्या करून घ्या म्हटलं, तर म्हणाले, अर्ज एकच असतो, तुकडे नाही करता येत. बीओडीचा नमुना चोवीस तासांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे सोमवारपर्यंत तो डबा ठेवून काही उपयोग नव्हता. बाटल्या तिथल्याच बेसिनमध्ये ओतल्या. पहाटे गळ्याइतक्या पाण्यात उतरून भरलेलं पाणी होतं ते.

दुसऱ्यांदा सोमवारी गेलो. या वेळी अर्ज हातात मिळाला. 'नमुन्याचा स्रोत' या रकान्यात नदी, विहीर, बोअरवेल, नळ. तलाव नाहीच. मी हातानं 'तलाव' लिहिलं आणि तिथं घोडं अडलं. तलाव कोणाचा? ज्या खात्याच्या ताब्यात आहे, त्याचं पत्र आणा. मी संस्थेचा ठेक्याचा कागद दाखवला. "ठेका माशांचा आहे ना, पाण्याचा नाही." तीन वाजेपर्यंत बसलो. बर्फाचं पाणी झालं. परत घरी.

ते पत्र मिळायला सोळा दिवस लागले. साहेब दौऱ्यावर, मग साहेब आले तर शिक्का असलेली बाई रजेवर, मग जावक क्रमांक पडायचा राहिला. मला आजही राग येतो तो या सोळा दिवसांचा. त्या काळात आभाळ मोकळं झालं, वारा सुटला, तलाव सावरला. ज्या पाण्यात मासे मेले ते पाणी तपासलंच गेलं नाही. कोणाच्या तलावात मासे मेले तर पत्रासाठी थांबू नका. त्याच दिवशी, त्याच पहाटे स्वतः मोजा. कसं ते पुढे सांगतो.

तिसऱ्या फेरीला मंगळवार, पत्र, बाटल्या, सगळं जुळलं. आतल्या मॅडमनी नमुना घेतला आणि मी विचारल्यावर दोन मिनिटांत समजावलं. बीओडीची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि मग मोजतात. बुधवारी लावली तर शनिवारी मोजावी लागेल, गुरुवारी लावली तर रविवारी, आणि दोन्ही दिवस सुट्टी. इतकं साधं कारण! खिडकीवर एक कागद चिकटवला असता तरी पुरे होतं.

घरी येऊन केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष वाचले, तेव्हा जास्त चरफडलो. पाण्याचे वापरानुसार वर्ग आहेत. वन्यजीव आणि मत्स्यपालनाचा वर्ग 'डी'. त्यात पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया १.२ पेक्षा जास्त नको. बस. बीओडीची अट ए, बी, सी या वर्गांना आहे, डीला नाहीच. नाली सिद्ध करायला बीओडी कामी आला, नालीच्या तोंडाशी ११ आणि मध्यावर ४, त्यामुळे खर्च वाया गेला असं म्हणत नाही. पण माशांचं काय झालं हे कळायला त्याच्यासाठी अडून बसायची गरज नव्हती.

आता मोजायचं कसं. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांकडून ३०० मिलीच्या काचेच्या बुचाच्या बाटल्या आणि विंकलर पद्धतीची, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन मोजायची, रसायनं मिळाली. बाटली पाण्याखाली भरायची, आत एकही बुडबुडा नको. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड अझाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब थायोसल्फेट घालून मोजणं, कॉलेजात. २०० मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं तर जितके मिली लागतील तितकेच लिटरला मिलिग्रॅम ऑक्सिजन, हिशोबच करावा लागत नाही.

पुन्हा आभाळ आलं तेव्हा मी मोजलं. दुपारी तीनला ऑक्सिजन लिटरला १०.२ मिलिग्रॅम. पहाटे पाचला १.४. त्याच जागी, चौदा तासांच्या अंतरानं. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो ओढतात. उथळ तलावात साठाच कमी, म्हणून उतार इतका मोठा. आणि प्रयोगशाळेच्या अहवालात काय आलं? ६.३, कारण तो नमुना सकाळी नऊचा. अहवालावर तारखेला रकाना आहे, वेळेला नाही. मी बाटलीवर वेळ लिहिली होती, अहवालात ती उतरलीच नाही. तलावाच्या कुठल्याही अहवालात ऑक्सिजनचा आकडा दिसला की आधी विचारा, किती वाजताचा.

पाणी कसं आहे ते तळातले किडेही सांगतात. ते काम सगळ्यात सोपं झालं. पिठाची चाळणी घेऊन तळाचा गाळ धुवायचा. पलीकडच्या काठाला चतुराच्या अळ्या, शेपटीला तीन धागे असलेल्या मेफ्लायच्या अळ्या, गोगलगायी. नालीच्या तोंडाशी नुसत्या लाल बारीक अळ्या, वळवळणाऱ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, कमी ऑक्सिजनमध्येही त्या तग धरतात. शिंगाडे काढणारी मावशी बघून म्हणाली, "तिथं आम्ही पाय नाही घालत, खाज सुटते." दहा वर्षांपासून तिला माहीत होतं, तिला कोणी विचारलं नव्हतं.

ग्रामसभेत मी अहवाल वाचलाच, पण टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. आदल्या दुपारची, तळाला कॉफीसारखा गडद साका. त्या पहाटेची, जवळजवळ पांढरी. सरपंचबाईंनी दोन्ही उचलून उजेडात धरल्या, मागच्या बाकांवरच्या बायांकडे फिरवल्या. नाली वळवून शोषखड्ड्यात सोडायचा ठराव त्याच बैठकीत झाला.

एक सांगायचं राहिलं. बर्फात ठेवताना बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुटतात. पेनची शाईही धुऊन जाते. पेन्सिलीनं लिहा आणि चिठ्ठी दोऱ्यानं मानेला बांधा.